गोड्या पाण्यातील गळासाठी विणलेली दोरी : स्वस्त मालाची पारख

विणलेल्या दोरीच्या वेष्टनावर जे आकडे छापलेले असतात त्यांपैकी सर्वांत ठळक आकडा, म्हणजे ती दोरी किती पौंड पेलते हा, स्वस्त दोरीच्या बाबतीत सर्वांत कमी भरवशाचा असतो. आणि गळाची पहिली विणलेली दोरी घेणारा बहुतेक ग्राहक नेमका तोच आकडा पाहून पैसे मोजतो. कमी किमतीत टिकाऊ दोरी मिळत नाही असे मुळीच नाही. मात्र ती निवडण्यासाठी दोरीची जाडी, तिचे वजन, पदरांची संख्या आणि विणीचा घट्टपणा या चार गोष्टी वाचता आल्या पाहिजेत, आणि त्याआधी विणलेल्या दोरीची आपल्या पाण्यात व आपल्या माशाला गरज आहे का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला गेला पाहिजे.

बाजारात ‘ब्रेडेड लाइन’ किंवा नुसते ‘ब्रेड’ या नावाने जी दोरी मिळते ती केसांच्या वेणीप्रमाणे अनेक बारीक पदर एकमेकांत गुंफून तयार झालेली असते, तर आपल्याकडे तंगूस म्हणून ओळखली जाणारी दोरी ही नायलॉनची एकसंध, एकाच तंतूची दोरी असते. गुंफलेली दोरी ही काही नवी कल्पना नाही, कारण १९३८ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर करण्यापूर्वी रेशमाच्या व लिननच्या गुंफलेल्या दोऱ्या गळाला लावल्या जात असत. नवा आहे तो आजच्या दोरीतील तंतू. हा तंतू पॉलिथिलीनचा, म्हणजे साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्याच कुळातला असतो, परंतु त्याचे रेणू अतिशय लांब असतात आणि ते एका विशिष्ट पद्धतीने ताणून एकाच दिशेला लावलेले असतात. द्रावणातून मऊ जेलसारखा धागा काढून तो ताणण्याची ही पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलंड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी विकसित केली आणि १९९०मध्ये त्या कंपनीने ‘डायनीमा’ या नावाने या तंतूचे व्यापारी उत्पादन सुरू केले. ‘स्पेक्ट्रा’ हा अमेरिकेत तयार होणारा तंतू याच जातीचा आहे. गळाच्या दोरीवर ‘पीई’ अशी जी अक्षरे असतात ती पॉलिथिलीनचीच आद्याक्षरे होत.

या तंतूचे गुणदोष समजले की पुढची निवड पुष्कळशी आपोआप होते. त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, म्हणजे ०.९७ असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो, तर नायलॉनची घनता १.१४ असल्यामुळे तंगूस हळूहळू बुडतो. नायलॉन तुटण्यापूर्वी पंधरा ते तीस टक्क्यांपर्यंत लांबतो, हा तंतू जेमतेम तीन-चार टक्के लांबतो; म्हणून दूरवर माशाने आमिषाला तोंड लावले तरी त्याची जाणीव हाताला तत्काळ होते, परंतु त्याच कारणाने माशाचा हिसकाही काहीच न मुरता गाठीवर आणि काठीवर येऊन आदळतो. नायलॉन पाणी शोषतो व ओला झाल्यावर थोडा कमजोर होतो, पॉलिथिलीन पाणी शोषत नाही. उलट पॉलिथिलीन सुमारे १४५ ते १५० अंश सेल्सिअसलाच वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधी त्याची ताकद घटू लागते, त्यामुळे कोरडी गाठ जोरात आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने ती जागच्या जागी दुबळी होते. शिवाय हा तंतू गुळगुळीत असल्याने तंगुसाला चालणारी गाठ त्याच्यावर घसरते.

आता आकड्यांकडे वळता येईल. वेष्टनावर साधारणपणे तीन आकडे असतात : पौंडातील ताकद, मिलिमीटरमधील जाडी आणि पीई क्रमांक. एक पौंड म्हणजे ०.४५ किलो, म्हणून २० पौंडांची दोरी सुमारे ९ किलोंची. अमेरिकी पद्धतीच्या काही वेष्टनांवर २० आणि ६ असे दोन आकडे शेजारी दिसतात. त्यांतला दुसरा ताकदीचा नसून, या दोरीची जाडी ६ पौंडांच्या नायलॉन दोरीइतकी आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. पीई क्रमांक हा जपानी मोजमापाचा आहे आणि तिन्हींत तोच सर्वांत उपयोगी आहे, कारण तो ताकदीचा दावा करत नाही, दोरीत माल किती आहे तेवढेच सांगतो. पीई १ म्हणजे २०० डेनियर. डेनियर हे सुताच्या बारीकपणाचे जुने माप असून ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर होय. यावरून हिशेब केला तर पीई १ची १०० मीटर दोरी सुमारे २.२ ग्रॅम भरते आणि तिची जाडी साधारण ०.१७ मिलिमीटर येते. पीई २ची १०० मीटर दोरी सुमारे ४.४ ग्रॅम व जाडी ०.२३ ते ०.२४ मिलिमीटर, आणि पीई ३ची सुमारे ६.७ ग्रॅम व जाडी ०.२९ मिलिमीटरच्या आसपास असते.

या वजनाला एवढे महत्त्व द्यायचे कारण असे की तंतूची ताकद त्याच्या वजनाशी बांधलेली असते. या जातीचा चांगला तंतू २०० डेनियरला सुमारे ८ किलो पेलतो, अत्युत्तम आणि महागडा तंतू फार तर साडेनऊ-दहा किलोंपर्यंत जातो, आणि विणताना पदर तिरपे होत असल्याने त्यातलाही काही भाग कमी होतो. म्हणजेच पीई १च्या, ०.१७ मिलिमीटर जाडीच्या दोरीवर १५ ते २० पौंड लिहिलेले असेल तर तो दावा पटण्यासारखा आहे. तेवढ्याच जाडीच्या स्वस्त दोरीवर ४० पौंड लिहिले असेल तर दोनपैकी एक आकडा नक्कीच चुकीचा आहे. व्यवहारात बहुधा जाडीचा आकडा चुकीचा निघतो, म्हणजे दोरी ४० पौंड पेलतेही, पण ती ०.१७ नव्हे तर ०.२८ मिलिमीटरची असते. अशी दोरी निकामी ठरत नाही. तिला तिच्या खऱ्या जाडीने ओळखून वापरले म्हणजे झाले. ग्राहकाची खरी फसवणूक होते ती तंतूच भेसळीचा असतो तेव्हा, आणि ती घरच्या घरी ओळखता येते.

त्यासाठी दहा मीटर दोरी मोजून कापावी आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर, सोनाराकडे असतो तशा काट्यावर, तोलावी. ती ०.२२ ग्रॅमच्या आसपास भरली तर पीई १, ०.४४ भरली तर पीई २. वरच्या लेपामुळे थोडेसे जास्त भरणे स्वाभाविक आहे, दीडपट-दुप्पट भरणे नाही. दुसरी परीक्षा तरंगण्याची. दोरीचे बोटभर तुकडे पेलाभर पाण्यात टाकून त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब सोडावेत आणि तुकडे बोटांनी पाण्याखाली चोळून विणीत अडकलेली हवा घालवावी. साबणाचे कारण असे की त्याशिवाय पाण्याचा पृष्ठताण जड धाग्यालाही वर धरून ठेवतो. शुद्ध पॉलिथिलीनचे तुकडे पुन्हा वर येतात. तळाशी बसले तर त्यात पॉलिस्टर किंवा नायलॉन मिसळलेला आहे. काही दोऱ्या मुद्दाम बुडण्यासाठी जड तंतू घालून केलेल्या असतात, पण त्यांच्या वेष्टनावर तसे स्पष्ट लिहिलेले असते व त्या स्वस्तही नसतात. तिसरी परीक्षा ताकदीची : दोरीचे एक टोक गुळगुळीत बाटलीभोवती आठ-दहा वेढे देऊन, म्हणजे गाठ न मारता, पक्के करावे, दुसरे टोक सामान तोलायच्या लटकत्या काट्याच्या आकड्याला अशाच वेढ्यांनी एखाद्या नळीवर गुंडाळून जोडावे आणि हळूहळू ओढून कोणत्या वजनाला तुटते ते पाहावे. त्यानंतर हीच परीक्षा नेहमीची गाठ मारून करावी. या दोन आकड्यांतला फरक अनेकांना चकित करील, कारण चांगल्या गाठीतही दोरीच्या ताकदीचा तिसरा-चौथा हिस्सा जातो आणि वाईट गाठीत निम्म्याहून अधिक. डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून ही ओढाओढ चष्मा लावूनच करावी.

पदरांच्या बाबतीत दुकानात नेहमी जास्त ते चांगले असे सांगितले जाते. चारपदरी दोरी थोडी खरबरीत असते, काठीच्या कड्यांमधून जाताना सळसळते आणि लांब फेकीत आठपदरीच्या किंचित मागे राहते. आठपदरी दोरी अधिक गोल, मऊ आणि निःशब्द असते. पण एकाच जाडीच्या दोन दोऱ्या घेतल्या तर चारपदरीतला प्रत्येक पदर आठपदरीतल्या पदराच्या सुमारे दुप्पट वजनाचा, म्हणून अधिक जाड असतो, त्यामुळे दगडाला घासून एखाद्या पदराचा वरचा थर गेला तरी तो पदर लगेच तुटत नाही. स्वस्त दोरी घ्यायची असेल तर चारपदरीच घ्यावी, असे निःशंकपणे म्हणता येते, कारण त्याच किमतीत आठ पदर देणाऱ्या उत्पादकाने बचत कुठेतरी केलेलीच असते आणि ती बहुधा विणीत किंवा तंतूत केलेली असते. वीण घट्ट आहे की सैल हे पाहण्यासाठी दोरी जवळजवळ दोन जागी चिमटीत धरून दोन्ही चिमटी एकमेकींकडे ढकलाव्यात. पदर फाकून मध्ये पोकळी दिसली किंवा चिमटीत दोरी फितीसारखी चपटी झाली तर वीण सैल आहे, आणि सैल विणीत वाळूचा कण शिरला की तो आतूनच तंतू कापत राहतो. रंगाचा फार विचार करण्याचे कारण नाही. पॉलिथिलीनला रंग पक्का धरत नाही, काही दिवसांनी दोरी फिकी पडणे हा दोष नव्हे. गोड्या पाण्यात गडद हिरवी किंवा करडी दोरी सोयीची, आणि दर दहा मीटरला रंग बदलणारी महागडी दोरी ही समुद्रात खोली मोजण्यासाठी असते, तलावाच्या काठावरून गळ टाकणाऱ्याला तिचा काडीचाही उपयोग नाही.

विणलेली दोरी खरोखर कुठे लागते, याचे उत्तर माशावर आणि पाण्यावर अवलंबून आहे. मरळ हा मासा जलपर्णी, कमळाची पाने, लव्हाळे यांच्या दाटीत राहतो आणि त्याला बेडकाच्या आकाराच्या कृत्रिम आमिषाने पृष्ठभागावर फसवले जाते. आमिष तोंडात घेताच तो पुन्हा दाटीत घुसतो आणि त्या क्षणी लांबणारा तंगूस असेल तर गळ त्याच्या कठीण जबड्यात रुतत नाही आणि मासा झाडोऱ्यात गुरफटतो. इथे न लांबणारी, पानांचे देठ कापत येणारी विणलेली दोरी हाच योग्य पर्याय आहे, आणि ती जाड, म्हणजे पीई ३ ते ४, असावी, कारण दोन किलोंच्या माशाबरोबर कित्येक किलो ओली जलपर्णी ओढून आणावी लागते. रोहू, कटला व मृगळ यांच्यासाठी कणकेचा किंवा पेंडीचा गोळा लावून तळाशी गळ टाकून बसणाऱ्याला मात्र ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस पुरेसा आहे. या माशांचे तोंड मऊ असते, तंगुसाचे लांबणे त्यांच्या हिसक्याला झेलते आणि गळ तोंड फाडून सुटत नाही. अशा मासेमारीसाठी महाग दोरी घेण्याचा आग्रह कोणी धरत असेल तर तो विक्रीचा आग्रह आहे. फार लांब फेक हवी असेल, तरच पीई १.५ किंवा २ घेऊन पुढे काही मीटर तंगूस जोडावा. चिलापीसारख्या लहान माशाला हलक्या काठीवर पीई ०.८ ते १ पुरते, मात्र स्वस्त मालात इतकी बारीक दोरी निर्दोष मिळणे कठीण असल्याने तिथेही बारीक तंगूसच शहाणपणाचा.

दख्खनच्या पाण्याचे एक वैशिष्ट्य इथे विसरता येत नाही. आपल्या बहुतेक धरणांचा तळ आणि काठ बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कठीण पाषाणाचा आहे आणि पाण्याखाली जुनी झाडे, बांध, घरांची जोती आहेत. उजनीचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, यावरून त्या जलाशयाच्या पोटात किती दगडी कोपरे असतील याची कल्पना यावी. ताणलेली विणलेली दोरी दगडाच्या धारेला घासली तर तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा लवकर तुटते, कारण ती बारीक असते आणि तिच्या सुट्या तंतूंना कोणतेही कवच नसते. म्हणून दोरीच्या पुढे तंगुसाचा किंवा फ्लोरोकार्बनचा एक ते दोन मीटर तुकडा जोडतात, त्याला लीडर म्हणतात. फ्लोरोकार्बन हा नायलॉनपेक्षा कठीण, जड आणि पाण्यात कमी दिसणारा प्लास्टिकचा तंतू आहे. तो महाग असल्यामुळे खर्च आवरायचा असेल तर ०.४० मिलिमीटरचा साधा तंगूस लीडर म्हणून उत्तम चालतो. जोडण्यासाठी दोन्ही टोकांची समोरासमोर बसणारी दुहेरी यूनी गाठ शिकून घ्यावी, विणलेल्या बाजूला सात-आठ व तंगुसाच्या बाजूला चार-पाच वेढे घ्यावेत. विणलेली दोरी थेट गळालाच बांधायची असेल तर पालोमार गाठ सर्वांत भरवशाची : दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवावी, त्या दुहेरी दोरीची सैल साधी गाठ मारावी, उरलेल्या फासातून अख्खा गळ काढून घ्यावा आणि गाठ पाण्याने किंवा थुंकीने ओली करून हळू आवळावी.

खर्चाचा मोठा भाग दोरीच्या दर्जावर नव्हे तर लांबीवर जातो. तलावाकाठी फेक तीस ते पन्नास मीटरची असते, मासा त्याच्या पलीकडे आणखी तेवढाच पळाला तरी शंभर मीटर दोरी पुरते. असे असताना रीळ भरावे लागते म्हणून तीनशे मीटर दोरी घेतली जाते. त्याऐवजी रिळाच्या तळाशी स्वस्त तंगूस गुंडाळून वर शंभर-सव्वाशे मीटर विणलेली दोरी घ्यावी. याचा दुसरा फायदा असा की गुळगुळीत विणलेली दोरी थेट धातूच्या रिळावर गुंडाळली तर मोठ्या माशाच्या ओढीला संपूर्ण गुंडाळाच फिरत राहतो, तंगुसाचा थर त्याला धरून ठेवतो. तीनशे मीटरचे वेटोळे प्रतिमीटर स्वस्त पडत असेल तर तिघांनी मिळून घ्यावे. एक-दोन हंगामांनंतर पुढची तीस-चाळीस मीटर दोरी केसाळ झालेली दिसते, मागची मात्र पाण्याला लागलेलीसुद्धा नसते. तेव्हा ती उलटून गुंडाळली की नवी दोरी मिळाल्यासारखेच होते. गुंडाळताना ओला फडका बोटांत धरून दोरीवर ताण ठेवावा, कारण सैल गुंडाळलेली दोरी ओढ बसताच खालच्या थरांत रुतते आणि पुढच्या फेकीला गुंतवळ होते. रिळाच्या काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी.

रिळातील ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीपलीकडे दोरी आपोआप सोडणारा ब्रेक, विणलेल्या दोरीला सैलच ठेवावा लागतो. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका तो असावा आणि तो लटकत्या काट्यानेच ठरवावा, हाताच्या अंदाजाने नव्हे. जुन्या काठीच्या कड्यांमध्ये चिनी मातीसारखे कठीण अस्तर आहे का ते पाहावे आणि प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे बारीक चीर आहे, आणि तशा कडीतून कितीही महाग दोरी नेली तरी ती महिन्याभरात सोलून निघेल.

दोरी तळाशी अडकल्यास ती हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. ती बोट हाडापर्यंत कापते. जाड काठीला पाच-सहा वेढे देऊन, काठी दोन्ही हातांनी धरून, दोरीच्याच रेषेत मागे सरकत ओढावे. कापण्यासाठी धारदार कात्रीच न्यावी, दातांनी ही दोरी तुटत नाही आणि पेटवून तोडल्यास टोकाजवळचा भाग कमजोर होतो. राज्यातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे गळ टाकण्यापूर्वी तिथल्या संस्थेची परवानगी घेणे आवश्यक असते, आणि त्याच लोकांकडून पाण्याखाली झाडे कुठे आहेत व दगड कुठे आहेत हेही कळते.

टाकून दिलेली विणलेली दोरी पाण्यात कुजत नाही, सुटत नाही आणि दिसतही नाही. उजनीच्या काठी भिगवणला हिवाळ्यात रोहित, बदके, चिखलात चालणारे लहान पाणपक्षी मोठ्या संख्येने उतरतात आणि उथळ पाण्यात पाय टाकणाऱ्या पक्ष्याच्या नडगीला असा एक वेढा पडला तर तो चालण्याने अधिकच आवळत जातो, कारण ही दोरी लांबत नाही. गुंता झालेली दोरी जागेवर कापून टाकण्याचा मोह होतो, तेव्हा ती झाकणाच्या बाटलीत भरून घरी आणावी, तिचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि मगच ती सुक्या कचऱ्यात टाकावी.